बेडपॅनमधली बातमी

पत्र थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची २० वर्षांची मुलगी. बारावीनंतर जीएनएमला (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) जायचं होतं, पैशांअभावी राहिलं. मग सहा महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केला आणि आता पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात, मेडिसिन वॉर्डात, ‘पेशंट केअर असिस्टंट’ म्हणून बोलावणं आलंय. पंधरा दिवसांत हजर व्हायचंय. ड्यूटी बारा तासांची, रात्रपाळी आलीच. ती लिहिते : “ताई, सराव सगळा पुतळ्यावर झालाय. खऱ्या माणसाची शी-शू काढताना मलाच उलटी झाली तर? कोर्समध्ये इंजेक्शन शिकवलंच नाही. गावातले कंपाउंडर शिकवतो म्हणतात, शिकून घेऊ का, म्हणजे तिकडे कमी पडणार नाही? मामी म्हणते, एवढं करून शेवटी मावशीचंच काम करणार का? का नोकरी सोडून पुढच्या वर्षी जीएनएमचंच बघू?”

तुझ्या पूर्ण पत्रात इंजेक्शनचा विषय पुन्हा पुन्हा येतो आणि हात धुण्याचा एकदाही येत नाही. म्हणून आधी इंजेक्शनचंच बोलू.

कंपाउंडरकाकांना नाही सांग. कोर्समध्ये इंजेक्शन राहून गेलं असं तू समजतेस. ते राहिलेलं नाही, मुद्दाम वगळलंय. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं-काढणं, गोळ्या देणं, ऑक्सिजन कमी-जास्त करणं ही कामं नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या सिस्टरची. सलाइनचं चाक जरासं फिरवायला काय लागतं, असं वाटेल. पण त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेलं असेल आणि ते भराभर गेलं, तर हृदयाचा ठोका बिघडतो. दिसायला दोन्ही बाटल्यांतलं पाणी सारखंच. ऑक्सिजनचंही तसंच. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याच्या काही पेशंटचं ऑक्सिजनचं प्रमाण डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवायला सांगतात. तू दया येऊन बटण वाढवलंस, तर त्याचा श्वास आणखी मंदावू शकतो.

तरी गर्दीच्या वेळी कोणीतरी “अगं, टाक एवढं पटकन” म्हणेलच. तेव्हा नुसतं “नाही” म्हटलंस तर भांडण होईल. असं म्हण : “सिस्टर, मला ते करायची परवानगी नाही. तोवर मी चार नंबरचं बीपी घेऊन ठेवते.” नकाराला एक काम जोडून दिलं की समोरच्याचा राग निम्मा उतरतो. हे वाक्य घरीच पाच-दहा वेळा मोठ्याने म्हणून बघ. ऐन वेळी ते आपोआप तोंडात येत नाही.

आता शी-शू. उलटीची भीती खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. पहिले काही दिवस मास्क दोन लाव, तोंडाने श्वास घे, ड्यूटीच्या आधी काहीतरी खाऊन जा. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. पण तू धरून चालली आहेस की हे काम म्हणजे फक्त घाण उचलणं. वॉर्डात पेशंटची विष्ठा, लघवी, उलटी, थुंकी स्वतःच्या डोळ्यांनी बघणारी बहुतेक वेळा तू एकटीच असणार. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा भांडं धुऊन जागेवर गेलेलं असतं.

तेव्हा ओतण्याआधी बघ. शौच डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं असेल, तर पोटात किंवा आतड्यात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं. ते कशामुळे झालं हे सिस्टर आणि डॉक्टर ठरवतील. तुझं काम झाकण ठेवणं, न ओतणं आणि हाक मारणं. ताजं लाल रक्त, भाताच्या पेजेसारखं पाणी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, कोऱ्या चहासारखी लघवी : यातलं काहीही दिसलं तरी हेच. अशा वेळी नाकापेक्षा डोळे कामाला लागलेले असतात, आणि किळस ओसरायला त्यानेच सगळ्यात जास्त मदत होते.

बेडपॅन देण्याची रीत पुतळ्यावर शिकलीस, पण पुतळा लाजत नाही आणि त्याला दुखतही नाही. आधी पडदा ओढ. स्टीलचं भांडं असेल तर कोमट पाणी फिरवून पुसून घे. गार भांड्याने माणूस आखडतो आणि मग काही होत नाही. गुडघे वाकवून टाचांवर जोर देऊन कंबर उचलायला सांग. उचलता येत नसेल तर कुशीवर वळव, भांडं नितंबांना टेकव आणि भांड्यासकट परत उताणं कर. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर डोक्याकडची बाजू उचल. आडवं पडून कोणालाच नीट होत नाही. बेल हाताशी दे आणि लवकर परत ये. वीस-वीस मिनिटं भांड्यावर राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची माकडहाडाजवळची कातडी तिथेच खराब व्हायला लागते. पुसताना, विशेषतः बायकांचं, पुढून मागे. उलट पुसलं तर लघवीच्या जागी जंतू जातात. सगळं झाल्यावर पेशंटचेही हात धू. हे निम्म्या ठिकाणी होत नाही आणि त्याच हातांनी पेशंट नंतर बिस्किट खातो.

तुझ्या स्वतःच्या हातांचं : पेशंटला हात लावण्याआधी, कुठल्याही स्वच्छ प्रक्रियेला मदत करण्याआधी, रक्त-लघवी-शौचाशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याचा बेड, लॉकर, रेलिंग यांना हात लावल्यावर. शेवटचं सगळे विसरतात. जेल चोळायचं २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हातमोजे म्हणजे धुतलेले हात नव्हेत. मोजे काढल्यावरही धुवायचेच, आणि एकाचे मोजे घालून दुसऱ्या बेडला जायचं नाही.

पंधरा दिवस हातात आहेत, त्यात घरी काय करता येईल? श्वास मोज. आजोबा झोपलेले असताना छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोज, आजीची मोज, धाकट्या भावाची मोज. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. माणसाला सांगून मोजलं की तो श्वास बदलतो, म्हणून नाडी धरल्याचं सोंग करून छातीकडे बघायचं. वॉर्डात सगळ्यात जास्त खोटी नोंद होते ती याच आकड्याची. कितीतरी चार्टवर ओळीने सगळ्यांचा श्वास २० असतो, जणू अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय. आणि तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा पहिल्यांदा बदलतो तो हाच आकडा. मागच्या शिफ्टची नोंद उतरवून काढायची सवय पहिल्या आठवड्यात लागली की सुटत नाही.

बीपी घेताना मशीन क्वचितच चुकतं, चुकते ती तयारी. पाच मिनिटं स्वस्थ बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. हात लटकता असेल किंवा कफ लहान पडत असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. जाड हाताच्या माणसाला मोठा कफ शोधून आण. बाही वर करून घट्ट गुंडाळू नकोस, हात बाहीतून मोकळा कर. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर) असलेल्या हातावर, स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातावर आणि सलाइन चालू असलेल्या हातावर बीपी घ्यायचं नाही. बोटाच्या ऑक्सिमीटरला गार बोटं, नेलपॉलिश आणि गडद मेंदी चालत नाही. लग्नसराईत हे हमखास होतं. बोट चोळून गरम कर, दुसरं बोट बघ. त्याच हातावर बीपीचा कफ फुगत असेल तरी आकडा खाली येतो. पण दोनदा बघूनही कमीच येत असेल, तर मशीनला दोष देत बसू नकोस, सिस्टरला सांग.

भावाला पलंगावर झोपवून कुशीवर वळवायचा सरावही करून घे. त्याला उजव्या कुशीवर करायचंय असं समज. आधी त्याला पलंगाच्या डाव्या कडेकडे सरकव, म्हणजे वळल्यावर तो मधोमध येईल. मग त्याच्या उजव्या बाजूला उभी राहा. डावा हात छातीवर, डावा गुडघा वाकवलेला. तुझा एक हात त्याच्या डाव्या खांद्यामागे, दुसरा डाव्या कुल्ह्यामागे. स्वतःचे गुडघे वाकवून, अंगाचा भार मागच्या पायावर टाकत त्याला आपल्याकडे घे. कमरेत वाकून ओढलंस तर महिन्याभरात तुझीच पाठ धरेल. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांचा कल पुरे. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. खालचा कान दुमडलेला नाही ना, खालचा खांदा अंगाखाली अडकलेला नाही ना, कुठली नळी खाली आली नाही ना, हे बघूनच निघ. रुग्णालयात यात आणखी तीन गोष्टी : बेडचं चाक लॉक, बेड तुझ्या कमरेइतका वर, पलीकडचं रेलिंग वर. आणि मणक्याला मार लागलेल्या पेशंटला असं एकटीने कधीच नाही.

ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एअर मॅट्रेस असली तरी ते काम सुटत नाही. वळवताना माकडहाड, टाचा, कुल्हे, कोपर, डोक्याची मागची बाजू बघ. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडत नसेल तर बेडसोरची (पडून राहिल्याने, दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा टणक लागतं का ते हाताने बघ. त्या जागेवर तेल लावून चोळायचा आग्रह नातेवाईक करतील. चोळू नकोस, आतली कातडी आणखी फाटते. आणि वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढायचं नाही. दोघींनी मिळून ड्रॉशीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) उचलायची.

लघवीच्या पिशवीची एक चूक जवळपास सगळीकडे दिसते. पेशंटला ट्रॉलीवर घेताना पिशवी पोटावर ठेवतात. मग पिशवीतली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात उतरायला बघते, जंतूंसकट. हलवण्याआधी पिशवी रिकामी कर, मोजून लिही, आणि ती नेहमी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकवता अडकव. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल तर ती सांगायची गोष्ट आहे. त्याआधी नळी कुठे मुडपली नाही ना ते बघ. अर्धी ‘लघवी होत नाही’ची तक्रार पेशंटच्या मांडीखाली सापडते.

भरवताना पेशंट बसता हवा आणि नंतरही अर्धा तास तसाच. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर. लकव्याच्या पेशंटला सिस्टरने गिळण्याची खात्री केल्याशिवाय तोंडाने घोटही नाही. बेडवर ‘एनबीएम’ची (तोंडाने काहीच द्यायचं नाही) पाटी असेल, तर नातेवाइकांना “उपाशी ठेवायचंय” एवढंच सांगून भागत नाही. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे खाणं नव्हे. “पाणी, चहा, तीर्थ, काहीच नाही, भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं,” असं स्पष्ट सांग.

पेशंटला उतरवून व्हीलचेअरवर बसवायचं असेल तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेले, पायठेवणी वर केलेली. आधी पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसू दे. चक्कर आली तर परत आडवं. त्याचे हात तुझ्या मानेभोवती घालू देऊ नकोस. आणि चालता चालता कोसळलाच, तर पेलायला जाऊ नकोस. जवळ घेऊन, डोकं सांभाळत, स्वतःच्या पायावरून हळूहळू खाली बसव. मग लगेच उचलायचं नाही. सिस्टर बघेल, नंतर उचला.

सुईबद्दल सावध राहा. टोचते ती बहुतेकदा चादरीत राहिलेली किंवा काठोकाठ भरलेल्या डब्यातून बाहेर आलेली. चादर झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळत काढायची. डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलायला सांग. टोचलीच तर मोजा काढ, साबण आणि वाहत्या पाण्याने धू, पिळू नकोस, बोट तोंडात घालू नकोस, आणि त्याच क्षणी इनचार्ज सिस्टरला सांग. एचआयव्हीविरुद्धची औषधं लागलीच तर शक्यतो दोन तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. “ओरडतील” म्हणून लपवणारी मुलगी हाच वेळ घालवते.

कचऱ्याचे रंग कोर्समध्ये झाले असतील, तरी गोंधळ कुठे होतो ते सांगते. रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, वापरलेले डायपर पिवळ्यात. रिकामी केलेली लघवीची पिशवी, सलाइनचा सेट, हातमोजे लाल पिशवीत. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. फुटलेले अँप्युल, काचेच्या बाटल्या निळ्यात. केळीची सालं आणि चहाचे कप यांपैकी कशातच नाही.

आता या कामाचा गाभा. तू बघितलेलं नेमक्या शब्दांत, नेमक्या माणसाला, वेळेत सांगता येणं. “सिस्टर, नऊ नंबरचे आजोबा बरोबर वाटत नाहीत,” या वाक्यावर कोणी जागचं हलत नाही. हे ऐक : “सिस्टर, नऊ नंबर. सकाळी नाव सांगत होते, आता हाक मारली तर फक्त डोळे उघडतात. श्वास २८, ऑक्सिजन ९०. लगेच येता का?” बेड, आधी काय होतं, आता काय आहे, आकडे, काय हवंय. कारण सांगायचं नाही, “बहुतेक लकवा असेल” म्हणायचं नाही. दोन मिनिटांत कोणी आलं नाही तर परत जा, मग इनचार्जकडे, मग आरएमओंकडे (निवासी डॉक्टरांकडे). सांगितल्याची वेळ वहीत लिही. घाबरट म्हणतील एखाद्या वेळी, म्हणू देत. पेशंट प्रतिसादच देत नसेल आणि श्वास नसेल, तर हे सगळं बाजूला : मोठ्याने मदत माग आणि छाती दाबायला सुरुवात कर, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे कोर्समध्ये झालं नसेल तर हजर झाल्यावर बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं) प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात मागून घे.

याची दुसरी बाजू म्हणजे न सांगणं. नातेवाईक तुलाच विचारणार, कारण तूच समोर असतेस : “रिपोर्ट काय आला? वाचतील ना?” उत्तर ठरलेलं ठेव : “ते डॉक्टरच सांगतील, मी राउंडची वेळ विचारून सांगते.” आणि विचारून खरंच सांग. चहापाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, पेशंटचा फोटो काढायचा नाही.

वॉर्डात मृत्यूही होतील. डॉक्टरांनी जाहीर केल्यावर सिस्टरच्या सूचनेनेच पुढचं काम : डोळे मिटणं, कवळी असेल तर तिचं विचारून घेणं, हातपाय सरळ करणं. शरीर साधारण दोन ते चार तासांत ताठ व्हायला लागतं, म्हणून हे लांबवत नाहीत. दागिने सिस्टरसमोर मोजून, नातेवाइकाची सही घेऊन द्यायचे. पोलीस केस, म्हणजे एमएलसी, असेल तर एकही नळी काढायची नाही. पहिल्या वेळी सोबत कोणी अनुभवी दे म्हणून सांग, देतात.

मामीच्या प्रश्नावर. वॉर्डात बाईला मावशी आणि पुरुषाला मामा म्हणतात. तुझ्या ओळखपत्रावर काहीही छापलेलं असलं तरी तुलाही म्हणतील. ज्यांना वर्षानुवर्षं मावशी म्हणतात, त्यांच्यातल्या कोणीतरी शंभर किलोच्या पेशंटची चादर त्याला न उठवता चार मिनिटांत बदलते. तिच्या मागे पहिला आठवडा राहिलीस तर पुतळ्यावरच्या सहा महिन्यांची कसर भरून निघेल. फक्त तिची प्रत्येक सवय उचलू नकोस, विशेषतः मोज्यांची.

राहिलं जीएनएम. मला वाटतं तू इथे दोन प्रश्न एकत्र बांधलेत : मला नर्स व्हायचंय, आणि मला मावशी म्हणून घ्यायचं नाही. दुसऱ्यासाठी तीन वर्षं आणि फी घालणार असशील तर थांब. सिस्टरलाही बेडपॅन चुकत नाही. पहिलं खरं असेल तर जरूर कर, बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के आहेत का ते आधी बघ. या नोकरीच्या अनुभवाने जीएनएमचं एकही वर्ष माफ होत नाही, हे गृहीत धरून चाल. पण वर्षभरात थोडे पैसे साठतील आणि हे आयुष्यभर करायचंय का, ते घरी बसून कळणार नाही ते इथे कळेल. मी तुझ्या जागी असते तर नोकरी घेतली असती.

पण घेताना विचारून घे : नेमणूक रुग्णालयाची की कंत्राटदाराची, पत्र लेखी मिळणार का, पीएफ आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर कधी, महिन्याला सुट्ट्या किती, रात्री घरी सोडायची सोय काय, बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का. मूळ गुणपत्रिका आणि दाखले जमा करून घेत असतील तर झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि परत घे. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी तीच कागदपत्रं लागणार आहेत आणि ती कपाटात अडकल्यामुळे अनेक मुलींचं वर्ष गेलंय.

सोबत न्यायचं फार नाही : मागून बंद, पाणी न शिरणारे, न घसरणारे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ (मनगटावर नको, खिशात किंवा पिन लावून), खिशात मावेल अशी वही. नखं कापलेली, अंगठी-बांगड्या घरी.

आणि हिपॅटायटिस-बीची लस याच आठवड्यात सुरू कर. तीन डोस असतात : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाचं काम आहे, त्यामुळे पुढचे डोस तिथे हक्काने माग. पण पहिल्यासाठी त्यांची वाट बघू नकोस. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्ताची अँटीबॉडी तपासणी करून घे. आकडा १० किंवा त्याहून जास्त यायला हवा. तो कागद मूळ गुणपत्रिकांच्याच फायलीत ठेव.